कोळी गेला कुठे?

मराठी घरात कोळी निघाला की दोन आरोळ्या ऐकू येतात. पहिली, ‘अगं बाई, केवढा कोळी!’ ही घाबरून मारलेली वाटते, पण तिच्यात घबराटीपेक्षा वार्तांकन जास्त असतं. कोळी कुठे आहे, केवढा आहे, कोणाच्या डोक्यावर आहे, हा सगळा तपशील तिच्यातून घरभर पोचतो आणि माणसं आपापल्या सोयीच्या अंतरावर येऊन उभी राहतात. मग कुणी केरसुणी आणायला धावतं, कुणी झुरळांचा फवारा शोधतं, कुणी ‘मारू नका रे, पाप लागतं’ म्हणत स्वतः पलंगावर चढतं, आणि या धांदलीत सगळ्यांची नजर क्षणभर भिंतीवरून हटते. त्यानंतर येते ती दुसरी आरोळी : ‘गेला कुठे?’ खरी भीती इथे सुरू होते. पहिल्या आरोळीने माणसं खोलीबाहेर येतात. दुसरीने ती खोलीच वापरातून बाद होते. उशा झटकल्या जातात, चादरी उलट्यासुलट्या होतात, चपलेत पाय घालण्याआधी चप्पल जमिनीवर आपटली जाते, आणि कुटुंबातली चार माणसं एका पलंगावर पाय वर घेऊन बसतात. माझं म्हणणं एवढंच, की आपण कोळ्याला भीत नाही, कोळी दिसेनासा होण्याला भितो. आणि त्याच्या बंदोबस्ताचे आपले पिढ्यानपिढ्यांचे सगळे उपाय दिसणाऱ्या कोळ्याला न दिसणारा करण्यापलीकडे काही साधत नाहीत. या विषयावर बोलायची माझी पात्रता म्हणाल, तर मी शूर नाही. शूर माणसाने यावर लिहूही नये. त्याला दुसरी आरोळी ऐकूच येत नाही.

पुरावा घरातच टांगलेला आहे. आपल्या घरांत कोळ्यांची निदान तीन बिऱ्हाडं नांदत असतात. पहिलं छताच्या कोपऱ्यात : काड्यांसारख्या लांब पायांचा, विस्कटलेलं जाळं विणणारा. दिवाळीच्या साफसफाईतून वाचला तर तो महिनोन्‌महिने तिथेच असतो. त्याच्याखाली बसून माणसं जेवतात, पोरं अभ्यास करतात, मुलगी बघायचे कार्यक्रमही पार पडतात. कुणी ओरडत नाही. उलट जाळ्याला धक्का लागला की तोच इतक्या जोरात थरथरतो, की त्याचं शरीर धूसर दिसू लागतं. दुसरं बिऱ्हाड खिडकीच्या चौकटीवर, उड्या मारणाऱ्या कोळ्याचं. नखाएवढा देह, समोर दोन टपोरे डोळे, बाकीचे सहा आजूबाजूला. आपण वाकून पाहिलं तर तोही वळून आपल्याला पाहतो. याच कुळातल्या, ठाणे परिसरात सापडलेल्या एका नव्या जातीला शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये ‘इसियस तुकारामी’ असं नाव दिलं, २६/११ च्या रात्री अतिरेक्याची बंदूक छातीशी धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. या कुळाकडे पाहून लहान मुलंसुद्धा हसतात. तिसरं बिऱ्हाड मात्र ‘हेटेरोपोडा वेनाटोरिया’ या भारदस्त नावाच्या कोळ्याचं. तपकिरी, चपटा, पाय पसरले की तळहाताएवढा. हा जाळं विणत नाही. रात्री भिंतीवरून फिरून झुरळं पकडतो, आणि देह चपटा असल्यामुळे कॅलेंडरच्या, फोटोच्या किंवा स्विचबोर्डाच्या मागच्या फटीत डोळ्यादेखत नाहीसा होतो. तिघांनाही पाय आठच, विषाचे दातही तिघांना. फरक इतकाच, की पहिल्याला कायमचा पत्ता आहे, दुसरा दिवसाढवळ्या वावरतो, आणि तिसरा मध्यरात्री न्हाणीघराचा दिवा लावल्यावर भेट देऊन कुठे गेला ते सांगत नाही. घर डोक्यावर घेतलं जातं ते या तिसऱ्यासाठी.

दिसेनाशा झालेल्या कोळ्याची आणखी एक खोड म्हणजे तो वाढतो. या कोळ्याचं मूळ शरीर दोन-अडीच सेंटिमीटरांचं. बाकी सगळा पायांचा पसारा. पण संध्याकाळी घरी परतलेल्या माणसाला तो बशीएवढा सांगितला जातो, रात्री फोनवर मावशीला पुरणपोळीएवढा, आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या लिफ्टमध्ये त्याला केस फुटलेले असतात. यात कुणी जाणूनबुजून खोटं बोलतं असं नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कोळ्यांना घाबरणाऱ्या लोकांना खरे कोळी दाखवून त्यांचा आकार विचारला गेला; २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असं दिसलं, की भीती जितकी जास्त, तितका सांगितलेला कोळी मोठा. २०१६ मध्ये इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांना चित्रांतल्या कोळ्यांबाबतही तसंच आढळलं. तेव्हा मावशीला सांगितलेली पुरणपोळी आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्यता पावलेली आहे. उलट कोळी मारला गेला तर तो लहान होतो. कोळी पाय लांब करतो तो शरीरातल्या द्रवाच्या दाबाने. जीव गेला, दाब गेला, की आठही पाय पोटाशी गोळा होतात आणि तळहाताएवढा राक्षस बोराएवढा होऊन फरशीवर पडतो. अशा वेळी सुटकेचा निःश्वास टाकावा की नाही? पण घरातली एक व्यक्ती खाली वाकून निकाल देतेच : ‘हा तो नव्हे. तो मोठा होता.’ म्हणजे एक कोळी मारून आपण एक न दिसणारा कोळी कमावलेला असतो.

आता उपायांकडे वळू. केरसुणी हे आपलं पारंपरिक शस्त्र, पण तिची रचना कोळ्याच्या सोयीची आहे. फटका चुकला की कोळी केरसुणीवर चढतो, आणि ‘कोळी भिंतीवर आहे’ या परिस्थितीतून माणूस ‘कोळी माझ्या हातातल्या वस्तूत कुठेतरी आहे’ या परिस्थितीत येतो. मग केरसुणी हवेत भिरकावली जाते आणि त्यानंतर घरातल्या कोणत्याच वस्तूबद्दल खात्री देता येत नाही. चपलेला नेम लागतो, आणि जी व्यक्ती नेम धरू शकते तिला मुळात चपलेची गरज नसते. फवारा मारला तर कोळी जागच्या जागी पडत नाही. तो पळतो, कपाटामागे जातो, आणि तिथे त्याचं पुढे काय झालं हे पुढच्या दिवाळीपर्यंत गूढ राहतं. लिंबाच्या साली, कापूर, डांबरगोळ्या यांवरही अनेकांची श्रद्धा असते. त्यांतल्या लिंबाची परीक्षा कॅनडातल्या संशोधकांनी घेतली. २०१८ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की पुदिन्याच्या जातीतल्या पेपरमिंटच्या तेलाने काही कोळी दूर राहतात, लिंबाच्या तेलाने मात्र काहीही फरक पडत नाही. पण या सगळ्या उपायांचा मेरुमणी म्हणजे स्टीलचं पातेलं. कोळी जमिनीवर उतरला की घरातलं सर्वांत धीट माणूस त्याच्यावर पातेलं उपडं घालतं, पातेल्यावर खलबत्ता ठेवतं आणि बाजूला होतं. पुढचा संवाद घरोघरी एकच. ‘आत आहे ना?’ ‘असणारच.’ ‘घालताना पाहिलंस?’ ‘डोळे मिटले होते.’ त्यानंतर ते पातेलं संध्याकाळपर्यंत घराच्या मध्यावर उभं राहतं, लोक त्याला वळसा घालून जातात, आणि वरणाला दुसरं भांडं काढलं जातं. पितळ गेलं, स्टील आलं, पण आरपार दिसेल असं काही आपल्या मांडणीवर आलं नाही, ही मराठी स्वयंपाकघराची शोकांतिका आहे.

संध्याकाळी घरातला पुरुष येतो. त्याला कोळ्याची भीती वाटत नाही असं ठरलेलं असतं. कुणी ठरवलं ते माहीत नाही. त्याला विचारलेलं तर नक्कीच नाही. तो बूट न काढता आत येतो, एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून ‘तो काही करत नाही गं’ असा शास्त्रीय खुलासा करतो, पातेलं काठीने उलटवतो आणि आत काहीच नाही हे पाहून दोन पावलं मागे सरतो. इथे त्याच्या कर्तबगारीची कसोटी लागते. तो खिडकीकडे जातो, पडदा हलवतो आणि जाहीर करतो : ‘गेला. खिडकीतून बाहेर गेला. मी बघितला.’ ‘कुठल्या खिडकीतून? जाळी लावलीय ना?’ ‘जाळीच्या फटीतून.’ ‘एवढा मोठा?’ ‘अंग चोरून गेला.’ या खोट्यावर कुणाचाही विश्वास बसत नाही, तरी घर शांत होतं, पाय जमिनीवर टेकतात, वरण वाढलं जातं. माझ्या म्हणण्याला याहून भक्कम पुरावा मिळणार नाही. कोळी तोच, घर तेच, धोका तेवढाच. बदललं ते एवढंच, की ‘गेला कुठे?’ या प्रश्नाला कसं का होईना, उत्तर मिळालं. कोळी मारणाऱ्यापेक्षा कोळ्याचा पत्ता सांगणारा माणूस कुटुंबाला जास्त हवा असतो. पती-पत्नींच्या ज्या काही खोट्यांवर संसार टिकतात, त्यांत याचा क्रमांक बराच वर लागावा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : ‘पण विषारी असला म्हणजे?’ उत्तर असं, की जवळजवळ सगळेच कोळी विषारी असतात. त्याशिवाय त्यांना माशी मारता येणार नाही. पन्नास हजारांहून जास्त जाती आजवर नोंदवल्या गेल्या आहेत, आणि त्यांतल्या माणसाला खरोखर इजा करू शकतील अशा अगदी मूठभर. आपला भिंतीवरचा तपकिरी पाहुणा हातात दाबून धरला तर चावतो, दुखतं, आणि थोड्या वेळाने थांबतं. पण त्याला हातात दाबून धरणारा मराठी माणूस आधी शोधावा लागेल. ज्यांना खरंच घाबरायचं असेल त्यांनी ऑस्ट्रेलियाकडे पाहावं. नातवंडं सांभाळायला सिडनीला गेलेल्या आजी-आजोबांना पहिल्याच आठवड्यात फनेल-वेब या कोळ्याची माहिती देऊन गार केलं जातं. तो खरंच घातक आहे. परंतु त्याच्यावरचं प्रतिविष १९८१ मध्ये आलं आणि तेव्हापासून त्याच्या दंशाने माणूस दगावल्याची नोंद नाही. राहता राहिले आपल्याकडचे ‘रात्री अंगावरून कोळी फिरला’चे खटले. सकाळी मानेवर लाल पट्टा आणि बारीक फोड दिसले की आरोपपत्र कोळ्याच्या नावाने तयार होतं. त्वचारोगतज्ज्ञांना विचारलं तर पुष्कळदा खरा गुन्हेगार पेडेरस नावाचा, मुंगीसारखा दिसणारा छोटा भुंगेरा निघतो. तो दिव्यापाशी येतो, आपण झोपेत त्याला चिरडतो आणि त्याच्या अंगातला दाहक रस कातडीवर पसरतो. कधी तो पट्टा नागिणीचाही असतो, आणि तिचा कोळ्याशी काहीच संबंध नाही. पण आरोपी हजर नसला की त्याच्यावर काहीही लादता येतं. इथेही कोळ्याचा दोष एकच : तो घटनास्थळी दिसत नाही.

दुसरा आक्षेप जरा सुशिक्षित असतो. ‘ही भीती रक्तातच आहे. आदिमानवाला कोळ्यांपासून जपावं लागत होतं.’ असं म्हणणाऱ्याच्या हातात बहुधा फोन असतो आणि तो खुर्चीवर उभा असतो. या म्हणण्याला आधार नाही असं नाही. जर्मनी आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये सहा महिन्यांच्या बाळांना कोळ्यांची आणि सापांची चित्रं दाखवली, तेव्हा फुलांच्या आणि माशांच्या चित्रांपेक्षा बाळांच्या बाहुल्या जास्त विस्फारल्या. पण बाहुली विस्फारणं म्हणजे लक्ष खेचलं जाणं. बाळं रडली नाहीत, आईला बिलगली नाहीत, वॉचमनला वर बोलवा असंही म्हणाली नाहीत. निसर्गाने फक्त ‘बघ’ एवढं सांगितलेलं दिसतं. ‘किंचाळ’ हे आपण घरच्या मंडळींकडून शिकतो, आणि शिकवणी पाळण्यापासून सुरू होते. शिवाय रक्तातली भीती धोक्याचं माप घेऊन चालत असती तर आपण रस्त्यावर पाऊल टाकलं नसतं. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं मरण पावली. तरी हेल्मेट आरशाला अडकवून, मागे दोन पोरं आणि भाजीची पिशवी घेऊन सुसाट जाणारा गृहस्थ घरी आल्यावर पायपुसणं उचलताना चार वेळा विचार करतो. ट्रक समोरून येताना दिसतो, म्हणून त्याची भीती वाटत नाही. ट्रक पायपुसण्याखाली लपू शकला असता तर हेल्मेटसक्तीला एवढा विरोध झाला नसता.

तिसरा आक्षेप गृहिणी घेतात आणि तो खोडायला धैर्य लागतं. ‘एक राहू दिला की शंभर होतील. आणि पाहुणे काय म्हणतील?’ शंभरांची भीती निराधार नाही. भिंतीवरच्या या तपकिरी कोळ्याची मादी पोटाखाली पांढरी, गोल, चपटी पुडी घेऊन फिरते आणि तिच्यात पिल्लं शेकड्यांनी असतात. मात्र त्यांतली बहुतेक पाल खाते, मुंग्या नेतात, उरलेली एकमेकांना खातात. घर त्यांच्या नावावर होण्याइतकी काही ती जगत नाहीत. पाहुण्यांचं म्हणाल तर हिशेब मांडावा. दरवर्षी जगभरातले कोळी मिळून ४० ते ८० कोटी टन भक्ष्य फस्त करतात असा अंदाज २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात किडेच जास्त. आपल्या घरातला वाटा अर्थातच काही झुरळांचा असेल, पण ती झुरळं मारायला आपण वर्षाचा करार करून माणूस बोलावतो. मुंबईने १९४७ च्या कायद्याने भाडेकरूंना संरक्षण दिलं. त्यांतले कित्येक पिढ्यानपिढ्या नाममात्र भाडं देत राहिले. इथे एक जण डिपॉझिट मागत नाही, पाणी वापरत नाही, भाडं झुरळांच्या रूपाने रोज रात्री चुकतं करतो, आणि आपण त्याला काठीला फडकं बांधून बाहेर काढतो. पाहुण्यांना तो दिसलाच, तर ‘आमच्याकडे झुरळं नाहीत’ असं अभिमानाने सांगता येईल. पाहुणे लवकर उठतील, हा वरकड लाभ.

मग कोळ्याशी जमवून घ्यायचं कसं? इथे शास्त्र आणि माझं म्हणणं एका जागी येतात. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये अशा भीतीवरची एकाच बैठकीत संपणारी उपचारपद्धती मांडली. बैठक फार तर तीन तासांची. तीत कुणी उपदेश करत नाही, कोळ्याचा अपमानही होत नाही. उपचार करणारा आधी स्वतः करून दाखवतो, मग भिणाऱ्याकडून हळूहळू करवून घेतो : काचेचा पेला कोळ्यावर उपडा घालायचा, खालून पोस्टकार्ड सरकवायचं, आणि आत काय चाललंय ते बघत बसायचं. नजर हटवायची नाही. बघता बघता भीतीची धार बोथट होते, आणि मग थोडा मोठा कोळी आणतात. ज्यांची भीती खरोखरच झोप उडवणारी असेल त्यांनी ही वाट जाणकाराच्या देखरेखीखालीच चालावी. बाकीच्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की जगन्मान्य इलाजातलं मुख्य औषध आरपार दिसणारी काच हे आहे. शाळेत आपल्याला शिकवलेला स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस आठवा. हरून गुहेत पडलेल्या त्या राजाला कोळ्याने चिकाटी शिकवली, असं गोष्ट सांगते. गोष्ट खरी की रचलेली हा वाद बाजूला ठेवू. पण राजा कोळ्याकडे इतका वेळ शांतपणे बघू शकला, कारण कोळी जाळं विणत समोर टांगलेला होता आणि जवळ केरसुणी नव्हती. ती असती तर स्कॉटलंडचा इतिहास ‘गेला कुठे?’ इथेच थांबला असता.

तेव्हा कोळी दिसला तर त्याला दिसत राहू द्यावं. दिवा चालू ठेवावा, केरसुणी जागेवर राहू द्यावी, आणि घरातल्या एका माणसाला टक लावून बघण्याचं काम द्यावं. ते वयाने लहान असल्यास उत्तम, कारण त्याला कंटाळा येणार नाही. काढायचाच असेल तर स्टील नको, काच घ्यावी. अडचण फक्त पोस्टकार्डाची आहे, कारण पोस्टकार्ड आता बहुतेक घरांतून गेलं आहे. पण त्याची जागा भरून काढायला आपल्याकडे त्याच्या दसपट जाड, न वाकणारी, सोनेरी कडेची वस्तू दर लग्नसराईत फुकट येते. लग्नपत्रिका रद्दीत देऊ नका. लग्नाला गेला नाहीत तरी चालेल, पत्रिका मात्र काचेच्या पेल्याशेजारी, सगळ्यांना सापडेल अशी ठेवा. कोळी बाहेर सोडताना तो कुठे गेला हे घरच्यांना दाखवायला विसरू नका.